स्लॅबची की टिनाची?

मृग लागला की वऱ्हाडात दोन चौकशा सुरू होतात. यंदा कपाशीची कोणती बॅग चांगली निघते ही पहिली, आणि अमरावतीत आपलं कोण राहतं ही दुसरी. पहिलीचं उत्तर कृषी केंद्रवाला देतो. दुसरीचं उत्तर मी आहे. बारावीचा निकाल लागून थोडे दिवस उलटले की दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा चहूबाजूंनी माझा फोन वाजू लागतो. करणारा कधी मावसभावाचा साडू असतो, कधी कुणाच्या लग्नात शेजारच्या पंगतीत बसलेला गृहस्थ. सुरुवात पावसापासून होते, मग गाडी तुरीच्या भावावर येते, आणि मग आवाज एकदम मऊ होतो.

"भाऊ, पोट्टं बारावी पास झालं. अमरावतीले शिकाले पाठवून रायलो. एक रूम पाहून ठेवा ना."

रूम कशी पाहिजे, असं मी विचारतो.

"साधीच. पोट्ट्याले काय लागते? पानी पायजे, हवा पायजे, कालेज जवय पायजे, मेस जवय पायजे, स्टँड जवय पायजे, अन् आजूबाजूले टवाय पोट्टे नाई पायजे."

एवढ्या अटी पुऱ्या करणारी जागा अमरावतीत एकच आहे, कॅम्पातला कलेक्टरसाहेबांचा बंगला, आणि ते तो भाड्याने देत नाहीत.

गावात सांगताना मात्र "पोरगा अमरावती युनिव्हर्सिटीत हाये" असंच सांगतात. ते खोटं नाही. १९८३ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं, पुढे संत गाडगे बाबांचं नाव लाभलेलं हे विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचं आहे, त्यामुळे या पाच जिल्ह्यांत कुठेही बी.ए.ला बसलेला पोरगा युनिव्हर्सिटीतच असतो. पण तपोवनाकडच्या त्या मोठ्या आवारात तुम्ही त्याला शोधायला गेलात तर तो सापडणार नाही. तिथली वसतिगृहं एम.ए., एम.एस्सी.वाल्यांची. पहिल्या वर्षाचा पोरगा असतो एखाद्या संलग्न कॉलेजात, आणि राहतो रूम करून. माझी एक भाची अमेरिकेत शिकते. ती सांगते, तिकडच्या पुष्कळ विद्यापीठांत पहिलं वर्ष आवारातच काढावं लागतं, आणि त्याआधी फॉर्म भरून घेतात: रात्री किती वाजता झोपता, खोली आवरून ठेवता का, गाणी लावून अभ्यास करता का. मग त्यावरून खोलीतला जोडीदार ठरतो. आपल्याकडे यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही. जोडीदार आधीच ठरलेला असतो. तो मामाच्या गावचा असतो.

रूम पाहायला जे मंडळ येतं त्यात बाप असतो, मामा असतो, आणि गावातला एक जाणता असतो. जाणता म्हणजे जो कधीकाळी अमरावतीत राहून गेलेला आहे, पदवी न घेता. त्याला राजकमल चौकापासून पुढचे सगळे रस्ते माहीत असतात, पण तेव्हाचे. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तो पोरगा सर्वांत मागे, मोबाइलात मान घालून. त्याला कुणी काही विचारत नाही आणि त्यालाही ते सोयीचं वाटतं.

बाप खोलीत शिरतो तो बैलबाजारात शिरल्यासारखा. आधी लांबून एक नजर. मग जवळ जाऊन भिंतीवर थाप. ओल आहे का ते हाताच्या पंजाला कळतं. खिडकीचे गज हलवून पाहणं, दार दोनदा लावून उघडणं, कडी, कोयंडा, फरशीचा उतार. मालक आपला शेजारी उभा राहून "नवीनच रंग मारला भाऊ" म्हणत असतो, आणि बाजारात शिंगांना रंग मारलेला बैल का विकायला काढतात हे बापाला पक्कं माहीत असतं.

आणि मग पाणी. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यावर वेगळं लिहायला हवं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीशार, वरून पाहिलं तर सोनं. पण खालचं पाणी खारट, न पिकाला चालतं न माणसाला. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाण्याची जीभ असते. दर्यापूरकडचे एक गृहस्थ गेल्या जूनमध्ये आले होते. खोली पाहिली, मान डोलावली, आणि सरळ मोरीत गेले. तोटी उघडली. पहिलं पाणी वाहू दिलं. मग उजव्या हाताची ओंजळ करून एक घोट घेतला, गालात घोळवला, वर छताकडे पाहिलं. सगळं मंडळ गप्प. मालक गप्प. गृहस्थांनी तो घोट मोरीत टाकला आणि निकाल दिला.

"निरा मचूय."

"ते बोअरचं हाये भाऊ," मालक म्हणाला. "पियाचं वेगळं. नयाचं येते ना, अप्पर वर्धाचं."

"मंग हे कायले चाखवलं?"

"तुमीच तं तोटी खोलली."

नळाचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, टाकी किती लिटरची, ती टाकी आणखी कोण कोण वापरतं, आणि तळाशी शेवटचं कधी धुतली, इथपर्यंत चौकशी गेली. शेवटच्या प्रश्नाला मालक "दिवाईले" म्हणाला. कोणत्या, ते कुणी विचारलं नाही.

पाण्यानंतरचा प्रश्न छताचा. "स्लॅबची हाये का टिनाची?" गच्चीवर विटांचं बांधकाम करून वर टिनपत्रे टाकलेली खोली भाड्याला हलकी असते. जुलैत ती पाहिली तर कुणीही भुलेल. वर पाऊस वाजतो, खिडकीतून वारा येतो, समोर कडुनिंब. पण वऱ्हाडात खोली जुलैत पाहायची नसते, जुलैत उभं राहून एप्रिल पाहायचा असतो. मार्च संपताना टिनाच्या खोलीत अभ्यास होत नाही, पापड मात्र आतल्या आत वाळतात. उन्हामुळे आमच्याकडच्या शाळादेखील उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जून संपता संपता उघडतात. विद्यापीठाने मात्र ऊन टाळलेलं नाही. परीक्षेचं नावच 'उन्हाळी परीक्षा' आहे, त्यामुळे नंतर कुणी फसवलं असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

म्हणून मग कूलर. बाहेर धो धो पाऊस पडत असताना एप्रिलमधल्या कूलरवर जी बोलणी होतात ती ऐकण्यासारखी असतात. कूलर कुणाचा? ठेवायचा कुठे? खिडकीचा एक गज कापावा लागेल तो कोण कापणार, आणि पोरगा गेल्यावर पुन्हा कोण जोडणार? लाईटचे पैसे भाड्यातच, की सबमीटर? "कूलर लावान तं वेगळे लागतीन" हे वाक्य अमरावतीतल्या प्रत्येक घरमालकाला तोंडपाठ असतं. बाप म्हणतो, पोरगा कूलर लावणारच नाही, त्याला सवय नाही, तो गावाकडे झाडाखाली झोपतो. पोरगा या एका वेळेला मोबाइलातून मान वर काढतो.

इथपर्यंत मंडळाची बाजू झाली. आता घरमालक सुरू होतो.

"तुमी कुठले?"

"दर्यापूरकडले."

"दर्यापूरचेच, का आजूबाजूचे?" मग जरा थांबून, जणू सहज, "अन् आडनाव काय म्हनलं तुमी?"

आडनाव अजून कुणी म्हणालेलं नसतं. या बाबतीत वऱ्हाडातली काही आडनावं फार उपकारक आहेत. वानखडे घ्या, इंगळे घ्या. ती इतक्या समाजांत आहेत की मालकाला त्यातून काहीच उलगडत नाही आणि तो कासावीस होतो. सरळ विचारणं सभ्यतेत बसत नाही आणि न विचारता भाडेकरू ठेवणं त्याला झेपत नाही. मग तो आडवाटेने निघतो. सासुरवाडी कुठली? खाण्यापिण्याचं कसं काय? सणवार कोणते करता? एका मालकाने तर विचारलं, "खोलीत फोटो कोनाचा लावन पोट्टा?" माझ्याबरोबर आलेले वानखडे शांतपणे म्हणाले, "फोटो नाई लावत. भित्तीले खिया ठोकू नये, असं तुमच्याच बोर्डावर लिवलं हाये."

रूम मिळाली नाही. भाड्याला देणे नाही, पुतण्या येणार आहे, असं मालकाच्या एकाएकी लक्षात आलं. तो पुतण्या अजून यायचा आहे. पाटी तशीच आहे.

हे ज्या शहरात घडतं तिथे १९२७ साली, शंभर वर्षांपूर्वी म्हणा ना, पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं, आणि ते सगळ्या जातींच्या पोरांसाठी काढलं होतं. पापळसारख्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्ड करून, बॅरिस्टर होऊन, वेदवाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन अमरावतीत परततो आणि लवकरच कशाला हात घालतो, तर राहण्या-जेवण्याच्या सोयीला. श्री शिवाजी शिक्षण संस्था नंतरची, तिची कॉलेजं त्याहून नंतरची. मला यात पंजाबरावांची खरी वऱ्हाडी अक्कल दिसते. खेड्यातल्या पोराला अमरावतीत शिकवायला मास्तर तेव्हाही होते, १९२३ साली निघालेलं किंग एडवर्ड कॉलेजही होतं, जे पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. पोराचं अडत होतं ते रात्री पाठ कुठे टेकायची यावर. ते अजूनही त्याच जागी अडतं.

सरकारने हे ओळखलं आहे, नाही असं नाही. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, मेळघाटातून येणाऱ्या पोरांसाठी आदिवासी विभागाची आहेत. आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भाड्याचे, जेवणाचे पैसे थेट खात्यात. योजना चांगली आहे. फक्त भाड्याच्या खोलीत राहतो याचा कागद लागतो, आणि कागद म्हटला की जो मालक दोन महिन्यांचं डिपॉझिट मोजून घेताना पक्का व्यवहारी होता तो एकदम प्रेमळ होतो. "कागद कायले पायजे? आपन घरचेच हावो." घरच्या माणसाला पावती मागतात का कुणी! आणि तीत भाड्याचा आकडा लिहिला, तर तो आकडा आणखी कुणी वाचला तर?

कॉलेजच्या होस्टेलचं त्या मानाने सरळ आहे. सरकारी इंजिनिअरिंगला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला तर आवारातल्या होस्टेलची आशा असते. अर्ज, मार्कांप्रमाणे यादी, आरक्षणाप्रमाणे जागा. निवडायचं काही नाही. जी खोली मिळेल ती आपली. फॉर्मसोबत रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ सालचा, यूजीसीचे नियम २००९ चे, आणि त्यात पालकांनाही लिहून द्यावं लागतं. पन्नाशीचा कास्तकार चष्मा लावून, सही करण्यापूर्वी तो कागद नीट वाचतो आणि पोराकडे पाहतो. ज्या पोराला घरी मांजर भीत नाही, तो कुणाची रॅगिंग करणार, हे कोडं त्याला सुटत नाही. पण सही करतो. एवढं सगळं करून यादी लागायला जो काळ लागतो तो लागतोच. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते मूर्तिजापूर, ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच महिन्यात माझ्या ओळखीचा एक पोरगा त्याच महामार्गावरून एका होस्टेलची दुसरी यादी लागली का, हे पाहायला जाऊन-येऊन करत होता. जाताना रस्ता नव्हता. येताना होता. यादीचं तसं काही झालं नाही.

तोवर मग अपडाऊन. बडनेरा, मूर्तिजापूर, चांदूरकडची पोरं वर्षानुवर्षं अपडाऊन करून पदवीधर झालेली आहेत. सवलतीचा पास काढायचा, एस.टी.च्या खिडकीतून दप्तर टाकून जागा धरायची. काही जण तात्पुरते म्हणून आत्याकडे राहतात. आत्याकडच्या मुक्कामाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण आत्यांची बाजूही मला माहीत आहे. भाचा येतो तेव्हा "तो काही खात नाही" असं सांगून येतो. ऑगस्टमध्ये आत्या कणकेचा डबा बदलते.

रूम ठरली की मेस. मेस ही चीज वऱ्हाडी बाप कधीच पाहत नाही, ती आई पाहते, आणि तिला पाहायला मिळत नाही. कारण ती घरी. म्हणून ती फोनवरून विचारते: पोयी पातय असते का जाड? वरणाले फोडणी देते का? मेसचं खरं शास्त्र मात्र खाड्यांचं. एक दिवस जेवलो नाही तर तो खाडा. पण एकट्यादुकट्या खाड्याचे पैसे कापून मिळत नाहीत. सलग तीन असले तर मिळतात, आणि तेही आदल्या दिवशी सांगितलं तर. शुक्रवारी संध्याकाळी गावी जाऊन सोमवारी सकाळी परतणाऱ्या पोराचे खाडे किती, हा हिशेब घालताना मी कॉमर्सच्या पोरांना हरताना पाहिलं आहे. कारण रविवारी रात्री मेस बंदच असते, आणि बंद मेसमध्ये न जेवलेला माणूस गैरहजर धरायचा की नाही, यावर एकमत नाही. रविवारच्या त्या रात्री अख्खी पोरसेना गिलावड्याच्या आणि आलुबोंड्याच्या गाड्यांवर लोटते. दह्यात बुडालेला तो गिलावडा खाल्ल्यावर अमरावती सोडून दुसरीकडे ॲडमिशन घ्यायला हवी होती, असं कुणाला वाटत नाही.

शिवाय एस.टी.ने येणारा डबा. सकाळच्या गाडीत आई कंडक्टरच्या हवाली करते: ठेचा, जवसाची चटणी, ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून. पोरगा स्टँडवर जाऊन सोडवून आणतो. त्या डब्यावर नाव पोराचं असतं, पण तो उघडतो तेव्हा खोलीत किती जण असतील हे आईला ठाऊक असतं. म्हणून भाकरी मोजून बांधलेल्या नसतात.

अमरावतीतल्या गाडगेनगराबद्दल एक सांगायचं राहिलं. गाडगेबाबांची समाधी आमच्या इथेच. आयुष्यभर त्यांनी हातातला खराटा खाली ठेवला नाही. ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी खोपटं बांधलं नाही. त्यांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर पोरांच्या अशा काही खोल्या आहेत की खराटा दारातूनच परत जाईल. एका खोलीत झाडू होता. विचारलं तर म्हणाले, "आदल्या पोट्ट्यायचा हाये काका, त्यायनं न्यायचा रायला."

मुलींची रूम पाहायला येणारं मंडळ वेगळं. तिथे पाण्याऐवजी भिंतीची उंची, गेटची वेळ, समोर कुणाची खिडकी आहे आणि त्या खिडकीत कोण असतं, अशी पाहणी चालते. बाप गेटवरच्या काकूंना तीन तीनदा विचारतो, सातला बंद म्हणजे सातलाच ना? पोरगी तेवढ्यात आतून फिरून आलेली असते. बाथरूमची कडी आतून नीट लागते का ते तिने लावून पाहिलेलं असतं. खाटेजवळ प्लगपॉइंट आहे का, रात्रीचा दिवा जिन्यात लागतो का, आणि आधीच्या मुलीने खोली का सोडली हे पलीकडच्या खोलीत विचारून झालेलं असतं. बाप अजून भिंत मोजत असतो. मला विचाराल तर रूम पाहायला बापाऐवजी हिलाच पाठवावी, पोरांच्यासुद्धा.

अकोल्याचं गणित निराळं. अमरावतीला बारावीनंतर जातात, अकोल्याला दहावीनंतर. नीटचे क्लास. अमरावतीकरांना आपलं शहर विद्येचं माहेर वाटतं आणि अकोला कापसाचं, सरकीच्या ढेपेचं, दुकानदारांचं गाव वाटतं. आणि आता त्याच अमरावतीतून पोरं उचलून अकोल्याला नेऊन ठेवतात, ७२० पैकी किती पडतात ते पाहायला. बुलडाणा, वाशीम, हिंगोलीहून येणारी तर विचारूच नका. तोष्णीवाल लेआउटकडे सकाळी उभे राहिलात तर पाठीवर पोतं वाटावं एवढं दप्तर घेतलेली पोरं दोन्ही बाजूंनी वाहत असतात आणि चहावालासुद्धा बायोलॉजीतलं काही ना काही सांगू शकतो.

सोळाव्या वर्षाच्या पोराला एकटं कसं ठेवायचं? म्हणून सोबत आई येते. अकोल्यात रूम पोरगा करत नाही, आई करते. दोन वर्षांसाठी घराची दोन घरं होतात. इकडे आई, पोरगा, एक शेगडी, कुकर आणि भिंतीवर आवर्तसारणी. तिकडे गावात बाप, म्हातारी, दोन बैल आणि फोनवरून शिकलेली खिचडी. मीठ किती, ते रोज रात्री विचारलं जातं.

या आयांना रूम दाखवताना अकोल्याचा मालक पाण्याचं, छताचं काही बोलत नाही. काटेपूर्णेचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे आया घरूनच शिकून आलेल्या असतात. तो थेट मुद्द्यावर येतो.

"ताई, ह्या रूमचा रिझल्ट हाये."

"म्हंजे?"

"ह्या खाटेवर झोपनारा पोट्टा आज नागपूरले मेडिकलले हाये. त्याच्या आधीची पोट्टी बीडीएसले. खाली इचारा कोनालेही."

या वाक्याने भाडं चढतं. रिझल्ट असलेली खोली आणि रिझल्ट नसलेली खोली, एकाच मजल्यावर, समोरासमोर, सारख्या मापाच्या; भाड्यात फरक. मी एका बाईंना हे सगळं ऐकून घेताना पाहिलं. त्यांनी खाट पाहिली, गादी उचलून पाहिली, वर पाहिलं.

"पंखा त्याच्याच टायमाचा हाये का?"

मालक हो म्हणाला. असं का विचारलं हे त्याला कळलं नाही. बाईंनी बटण दाबलं. पंखा कुरकुरत दोन फेरे फिरला आणि थांबला. "मंग तो पोट्टा हुशारच असन," बाई म्हणाल्या, आणि समोरची रिझल्ट नसलेली खोली घेतली. मला त्यांच्या पोराबद्दल उगाच खात्री वाटली.

संध्याकाळी या इमारतींच्या फाटकाशी आया उभ्या असतात. त्यांच्याकडे दोन वेळापत्रकं असतात, नळाचं आणि टेस्टचं, आणि दोन्ही एकाच दिवशी आली की तारांबळ उडते. कुणाच्या पोराला फिजिक्समध्ये किती, कुणाचा कूलर गळतो, कुणाच्या नवऱ्याने तिकडे वरणात हळदच टाकली नाही, हे सगळं एका दमात चालतं. एवढ्या दोन वर्षांनंतर ती परीक्षा येते, अलीकडे बहुधा मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन वाजता. ही वेळ ज्यांनी ठरवली त्यांना एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या टॉवर चौकात उभं करावं, अशी माझी नम्र सूचना आहे. छत्री नेऊ द्यावी.

अमरावतीत परत येतो. मंडळाने एवढ्या मेहनतीने निवडलेली रूम साधारण दिवाळीपर्यंत टिकते. सुट्टीहून परतलेली पोरं आपसांत बोलून ठेवतात, आणि डिसेंबरच्या एका रविवारी एका लोडिंग ऑटोत तीन गाद्या, दोन बादल्या, एक टेबलपंखा आणि चार पोरं असा संसार चौकातून दुसऱ्या गल्लीत जाताना दिसतो. नवी रूम टिनाची असते. पाणी मचूळ. मेस लांब, कॉलेज त्याहून लांब. बापाच्या यादीतली एकही गोष्ट तिथे नसते, आणि तरी पोरं तिच्यावर इतकी खूश का, हे मला फार दिवस कळत नव्हतं. मग एकदा वर जायची वेळ आली तेव्हा दिसलं. जिना बाहेरून आहे. मालकाच्या दारावरून जावं लागत नाही.

यंदाच्या जूनमध्ये फोन वाजू लागले त्यात एक आवाज ओळखीचा होता. दर्यापूरच्या त्या पाणी चाखणाऱ्या गृहस्थांचा पोरगा. आता दुसऱ्या वर्षाला.

"काका, माह्या मामाचं पोट्टं येऊन रायलं म्हनते तुमच्याकडे रूमसाठी. तुमी लोड नका घेऊ. माह्याकडे पाठवा. मालकाशी बोलून ठेवलं हाये."

"टिनाची का?"

"टिनाचीच हाये, पन झकास हाये."

"आणि मालक तुला काय देतो रे?"

जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "एका महिन्याचं भाडं सोडन म्हने. पन काका, बाबाले नका सांगू. ते पानी चाखाले येतीन."